पंत, तुझ्यासारखीच एक भेटली

नाशिक,
रविवार

प्रिय पंत,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा "रात्री करतो" म्हणालो आणि दिवाळी येऊन गेली. रागावला असशील. माझी शुगर ताळ्यावर आहे, आईचे गुडघे आहेत तसेच. फोनवर बोलता आलं असतं, पण आजचं हे तोंडाने सांगायला जमणार नाही, म्हणून कागद घेतला.

मी शिकवतो त्या तिसऱ्या वर्षाला मिनी-प्रोजेक्ट असतो, चौघाचौघांचा गट. दरवर्षी तेच होतं. दोघं राबतात, एक पीपीटी करतो, एक फोटोपुरता येतो आणि गुण चौघांना सारखे. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनियरने 1913 मध्येच छापून ठेवलंय की दोर ओढायला माणसं वाढवत गेलं की माणशी जोर घटत जातो, आठ जण झाले की निम्म्यावर येतो. मला हे फुकटे वर्षानुवर्षं डाचत होते. शेवटी यंदा गुप्त फॉर्म काढला. कॉफमन, फेल्डर, फुलर या तिघांनी 2000 साली मांडलेली रीत आहे. प्रत्येकाने सोबत्याला नऊपैकी एक शब्द द्यायचा, 'उत्कृष्ट'पासून पार 'फिरकलाच नाही'पर्यंत. शब्दांचे आकडे 100, 87.5, 75 असे साडेबाराने उतरत शून्यावर येतात. एकाला मिळालेली सरासरी भागिले गटाची सरासरी, जे येईल त्याने गटाचे गुण गुणायचे. वर 1.05 ला अडवायचं, म्हणजे कुणी डोक्यावर चढत नाही. स्वतःला दिलेला शब्द मी धरला नाही. वर्गात आधी समजावून सांगितलं, पोरांनी माना डोलावल्या.

एका गटात खरंच एक फुकट्या बरोब्बर सापडला, तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच लिहिलं होतं. काही गटांनी एकमेकांना सरसकट 'उत्कृष्ट' वाटले, तिथे काही हललंच नाही. आणि मग हा चौथ्या बाकावरचा गट.

तीन मुलं, एक मुलगी. प्रोजेक्ट कांदाचाळीचा. निफाडकडच्या एका चाळीत तापमान आणि दमटपणा मोजायचा, वाढला की पंखा आपोआप सुरू. काम छान झालं, गटाला 50 पैकी 42. फॉर्ममध्ये तिन्ही मुलांनी एकमेकांना 100 दिले आणि तिला तिघांनीही 50. तिने मात्र एकाला 87.5, दुसऱ्याला 62.5, तिसऱ्याला 37.5 असं तोलून दिलं होतं. हिशेब तू करशीलच, तुझं डोकं अजून चालतंय असं वहिनी म्हणतात. तिचा आकडा आला 0.64. म्हणजे तिला 27, दोघांना 44, आणि ज्याने एकही तार जोडली नाही त्याला साडेबेचाळीस!

मी ते गुण भरून टाकले, पंत. एक्सेलमध्ये रांग होती, खाली ओढली, झालं.

ती तक्रार घेऊन आली नाही. लॅबच्या मामांनी विषय काढला. "सर, त्या पोरीला कमी कसे? कुलूप लावायला रोज तीच थांबायची." मग मी प्रोजेक्ट डायरी उघडली. बारापैकी नऊ आठवडे तिचं अक्षर. सेन्सर चुकीचं दाखवतोय म्हणून ओला कपडा धरून परत तपासल्याची नोंदसुद्धा तिची. आणि मुलांच्या फॉर्मच्या तळाशी काय होतं माहीत आहे? "सारखी टोकते." "रात्री अकराला ग्रुपवर विचारते, झालं का?" तिसऱ्याने लिहिलं होतं, "हुकूम सोडते."

हा शब्द वाचला आणि मी 1996 मध्ये, आपल्या चौघांच्या प्रोजेक्टमध्ये जाऊन पडलो.

कोंबड्याच्या आधी तूच आरवायचास. पाच वाजता दार बडवून "ट्रॅक कोण तपासणार?" ते 8085 मायक्रोप्रोसेसरचं किट, सुट्या भागांसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीच्या चकरा, मेसकाकांच्या टबात फेरिक क्लोराइड ओतून केलेलं सर्किट, आणि नंतर महिनाभर त्या टबातल्या कोशिंबिरीला आपण चौघांनी लावलेला नाही तो हात! प्रोग्राम साठवायची ती चिप, एप्रॉम, कुणी उडवला यावर आपण अजून भांडतो. तो तू उडवलास, हे मी आजही सोडणार नाही.

पण दुसरं एक आहे. सरांनी आपल्याला एकेकाला केबिनमध्ये बोलावलं होतं, आठवतं? तुझ्याबद्दल विचारलं. मी म्हणालो, "पंत हुकूम सोडतो, सर. त्याच्याबरोबर काम करणं अवघड आहे." काम किती केलंस हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुला आम्हा तिघांपेक्षा आठ गुण कमी आले. तू बाहेरून आलेल्या परीक्षकांना दोष दिलास, आणि त्या रात्री टपरीवर चहा पीत मीही तुझ्याबरोबर त्यांना शिव्या घातल्या.

आपल्या गटातल्या कोल्हापूरकरावर संशय घेऊन तू त्याच्याशी तीन महिने अबोला धरलास. त्याने एक शब्द उच्चारला नव्हता. मी होतो.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाकडची, गटातल्यांनी एकमेकांना जोखायची कॅटमी नावाची पद्धत मी या आठवड्यात नीट वाचली. तिच्यात एकच शब्द मागत नाहीत. पाच गोष्टी वेगवेगळ्या विचारतात, प्रत्येकीखाली वागणुकीची वर्णनं देऊन, आणि त्यांतली एक आहे गटाला मार्गावर ठेवणं. म्हणजे मुलांनी तिच्या नावावर मांडलेला दोष तिथे गुणांच्या रकान्यात बसतो. गटात टोळी जमून आपल्यातच वर आणि बाकीच्यांना खाली गुण दिले, तर ती पद्धत मास्तरला खूण करून दाखवते. मी ते न वाचता, एका शब्दावर पोरीचे पंधरा गुण कापले.

एचओडी म्हणतात, नियम आधी सांगितला होता, आता एकाच गटाला बदलला तर बाकीचे दारात उभे राहतील. बरोबर आहे त्यांचं. पण गुण भरायचं पोर्टल गुरुवारपर्यंत उघडं आहे. उद्या सगळ्याच गटांना डायरी घेऊन एकेकाला बोलावतोय, कोणती तार का जोडली ते विचारणार, आणि फॉर्मचा आकडा सगळ्यांचाच त्यावर तपासणार. दोन दिवस जातील, जाऊ देत.

लेकीच्या बारावीचं कसं चाललंय? बदली रद्द झाली का? वहिनींना नमस्कार सांग, त्यांच्या लोणच्याची बरणी परत करायची राहिलीय.

एवढंच सांग मला, मंगळवारी रात्री फोन करतो तेव्हा. गुण तिचे नीट होतील, पण तिघांनी काय लिहिलं होतं ते तिला सांगू की नको? तुला तेव्हाच कळायला हवं होतं का?

तुझाच,
भाऊ