नळी की दुर्बीण, हे आईबापांना कळू द्या

महोदय,

अंगणवाडीत बाळाचे वजन होते, उंची होते, दंडाचा घेरही पाहिला जातो. डोक्याचा घेर मात्र बऱ्याचदा राहून जातो. मुख्यसेविका म्हणून मी गगनबावडा, शाहूवाडी भागात काम केले आहे. ‘डोस्कं मोठं हाय, पोरगं हुशार निघंल’ असे घरची जाणती माणसे कौतुकाने म्हणत, आणि इकडे बाळाची टाळू फुगलेली, नजर खाली ओढलेली असे. ही मेंदूत पाणी साठत असल्याची खूण. अशा वेळी उशीर झाला, तर दाबाने झालेली हानी पुरती भरून येत नाही.

आज लिहायचे आहे ते त्यापुढच्या गोष्टीबद्दल. ऑपरेशन म्हटले की आईबापांना ‘नळी बसवायची’ एवढेच कळते. साठलेले पाणी कातडीखालून पोटात सोडणाऱ्या शंटच्या नळीने गेल्या अनेक दशकांत असंख्य मुलांचे प्राण वाचवले आहेत, तिला नावे ठेवायची नाहीत. पण ती तुंबते, तिला जंतुसंसर्ग होतो. लहान मुलांत दहातल्या साधारण चार नळ्या पहिल्या वर्षातच बिघडतात. मग पुन्हा भूल, पुन्हा एसटीने कोल्हापूर, पुन्हा बुडालेली रोजंदारी.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. कवटीच्या छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून मेंदूतल्या पाण्याच्या चार कप्प्यांपैकी तिसऱ्याच्या तळाला भोक पाडतात आणि अडलेल्या पाण्याला वाट करून देतात. अंगात नळी राहत नाही. बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर यांनी १९२३ मध्येच ही शस्त्रक्रिया केली होती. ती सगळ्यांना लागू पडत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यामधली वाट बंद असेल व मूल वर्षापुढचे असेल तर यश चांगले मिळते. सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्यात किंवा मेंदूज्वरानंतर कमी. भोक पुढे बुजूही शकते. उलट्या, डोकेदुखी, सारखी गुंगी दिसली तर दुर्बिणीचे ऑपरेशन झालेले मूलही लगेच दाखवायलाच हवे.

आपल्या मुलाला यातले काय लागू आहे आणि का, हे सहीचा अंगठा घेण्याआधी आईबापांना मराठीत सांगितले जावे. दुर्बिणीची सोय कुठे आहे आणि ती महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, याचा ठळक फलक कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लावावा. आणि लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक बाळाच्या डोक्याला टेप लावून आकडा कार्डावर लिहावा. त्याला खर्च असा काहीच नाही.

– एक निवृत्त मुख्यसेविका, कोल्हापूर