व्हाइटमार्श हॉलचे उरलेले खांब

महोदय,

मुलीकडे फिलाडेल्फियाला गेलो असताना जवळच्या वाइंडमूर गावात एका वसाहतीपाशी पाय थबकले. टाउनहाउसच्या रांगा, दारात गाड्या आणि मध्येच उभे चुनखडीच्या दगडाचे अजस्र खांब! बँकर एडवर्ड स्टोट्सबरी यांच्या व्हाइटमार्श हॉलचे हे अवशेष. १९२१ मध्ये पूर्ण झालेला १४७ खोल्यांचा प्रासाद. वास्तुकार होरेस ट्रंबावर, बागा फ्रान्सच्या जाक ग्रेबेर यांच्या. १९३८ मध्ये स्टोट्सबरी गेले आणि एवढा पसारा सांभाळणं पत्नी इव्हा यांना झेपेना. महायुद्धात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या कलाकृती इथे सुरक्षित ठेवल्या होत्या, हे तर मला फार मोलाचं वाटतं. १९४३ मध्ये वाडा एका रसायन कंपनीकडे गेला, आत प्रयोगशाळा आल्या. नंतर तो ओस पडला, नासधूस झाली, १९८० मध्ये पाडलाच. जेमतेम साठ वर्षं!

मी खांबावर हात ठेवला. दगड उन्हाने तापलेला, कोरीव कडा अजून रेखीव. गलबलून आलं. नातू मात्र त्यांच्याआड लपाछपी खेळत होता. त्याला जवळ बोलावलं आणि तिथेच बसून वाड्याची सगळी हकिगत सांगितली.

– एक वाचक, पुणे