‘हातविणीच्या’ म्हणून विकलेल्या यंत्रावरच्या टोप्यांबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लोकरीच्या टोप्यांची खोटी माहिती देऊन केलेली विक्री, पैसे परत मिळणे आणि विक्रीच्या पानावरील मजकूर दुरुस्त करणे याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी डिसेंबरात चार टोप्या मागवल्या. सासरे आणि चुलत सासरे यांच्यासाठी एकाच नमुन्याच्या दोन कानटोप्या, जावयांसाठी फेअर आयल नावाच्या रंगीत नक्षीची एक टोपी आणि भाचीच्या बाळंतविड्यात द्यायला क्रोशाचे एक टोपरे. पहिल्या तिन्हींच्या पानावर आपण ‘मेंढीची शंभर टक्के शुद्ध लोकर, आमच्या कारागीर भगिनींनी सुयांवर हाताने विणलेली’ असे लिहिले आहे. या तिन्ही टोप्या यंत्रावरच्या आहेत आणि कानटोप्यांत मेंढीची लोकर नावालाही नाही.

मी आपल्या ग्राहक सेवेला फोटोंसह कळवले, तेव्हा उत्तर आले की हस्तनिर्मित वस्तूंमध्ये थोडाफार फरक असतोच, म्हणून त्या परत घेतल्या जात नाहीत. पुन्हा लिहिल्यावर सांगण्यात आले की बेळगावच्या माझ्या पिनकोडवरून माल परत नेण्याची सोयच नाही. टोप्या आणून देताना हाच पिनकोड चालला होता. म्हणून आता आपल्याला सविस्तर लिहीत आहे.

पहिले उत्तर मला जास्त लागले. हाताच्या कामात फरक असतो हे मला कोणी सांगायला नको, लग्नाआधीपासून माझ्या हातात सुया आहेत. यंदा मनगटाच्या दुखण्याने विणकाम बंद ठेवावे लागले, म्हणूनच या टोप्या विकत घेतल्या. पण माझी तक्रार फरक असल्याची नाहीच. दोन्ही कानटोप्या मी शेजारी शेजारी ठेवून बॉर्डरपासून माथ्यापर्यंत टाके मोजले. ओळीला ओळ, टाक्याला टाका सारखा. एकाच बाईने एकाच आठवड्यात विणलेल्या दोन टोप्यांतही कुठे हात सैल पडतो, कुठे घट्ट होतो. या दोन टोप्यांत तसे काही नाही, आणि फरक असतो हे कारण त्यांच्यासाठीच मला दिले गेले.

टोपी हातची आहे की नाही हे पाहायचे तर आधी माथा पाहावा. गोल सुईवर विणलेली चांगली टोपी माथ्याशी हळूहळू मिटत जाते. समजा ९६ टाके आहेत. त्यांचे बारा-बारा टाक्यांचे आठ भाग करायचे, प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे त्या ओळीत आठ टाके कमी होतात. पुढची ओळ साधी, मग पुन्हा आठ कमी. असे करत सुईवर आठच टाके राहिले की त्यांतून धागा ओवून ओढून घ्यायचा. वरून पाहिले तर एकत्र विणलेल्या टाक्यांच्या आठ रेघा मध्यावर येऊन मिळतात आणि माथा डोक्यावर सपाट बसतो. आपल्या पानावरच्या फोटोतील कानटोपीला असाच आठ पाकळ्यांचा माथा आहे, तो पाहूनच मी ती निवडली. माझ्याकडे आलेल्या टोपीत एकही टाका कमी केलेला नाही. टोपी सरळ नळीसारखीच ठेवून वरच्या सगळ्या टाक्यांतून एकदाच दोरा ओढला आहे. त्यामुळे माथ्यावर चुण्यांचा गठ्ठा झाला आहे आणि तो झाकायला वर गोंडा शिवला आहे. सासऱ्यांनी टोपी घातली तेव्हा तो गठ्ठा त्यांना टोचत होता.

दुसरी खूण मागच्या शिवणीत आहे. सुयांवर सपाट विणलेल्या टोपीलाही शिवण असते, ती दोषाची गोष्ट नाही. पण ती त्याच लोकरीने, काठाचा टाका काठाच्या टाक्याला जोडत घातलेली असते. टोपीसाठी हातचे विणकाम कोणी कात्रीने कापत नाही. या टोप्यांच्या आत कापलेली कड आणि तिच्यावर ओव्हरलॉकचा, म्हणजे कड उसवू नये म्हणून यंत्राने मारलेल्या शिलाईचा, पातळ दोरा आहे. म्हणजे यंत्रावर निघालेल्या लांब कापडातून तुकडे कापून त्यांच्या टोप्या शिवल्या आहेत.

धाग्याची परीक्षा मी शिवणीजवळच्या कापलेल्या कडेतून विणीचाच एक धागा काढून केली. मेंढीची लोकर ज्योतीजवळ नेली की सावकाश जळते, केस जळल्यासारखा वास येतो, बाजूला घेतली की बहुधा आपोआप विझते आणि राख बोटांत चुरगळते. हा धागा भरभर पेटला, वितळला आणि त्याची काळी कडक गोळी झाली. खात्रीसाठी दुसरा धागा कपड्यांच्या ब्लीचमध्ये टाकून ठेवला. खरी लोकर त्यात विरघळून जाते. हा धागा दुसऱ्या दिवशीही जसाच्या तसा होता. म्हणजे हा कृत्रिम धागा आहे, बहुतेक अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिकला मी वाईट म्हणत नाही. ते स्वस्त पडते, धुवायला सोपे जाते आणि मीही त्याचे मफलर विणले आहेत. पण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही, अ‍ॅक्रिलिक ओलावा जवळपास घेतच नाही. पहाटे फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घामेजल्या डोक्याला हा फरक कळतो. साडेसातशे मीटर उंचीवरच्या आमच्या गावात डिसेंबर-जानेवारीची पहाट चांगलीच गार असते. एका टोपीचे १,४५० रुपये मी लोकरीसाठी मोजले, अ‍ॅक्रिलिकसाठी मोजले नसते.

आता फेअर आयलची टोपी. हा नमुना स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांपैकी फेअर आयल या चिमुकल्या बेटाच्या नावाने ओळखला जातो. त्यात एका ओळीत दोनच रंग चालवायचे, आणि जो रंग त्या टाक्याला लागत नाही तो मागून सैल न्यायचा, अशी रीत आहे. टोपी उलटी केली की आत ते आडवे धागे दिसतात. नक्षी गुंतागुंतीची भासते, पण कुठल्याही क्षणी हातात दोनच धागे असतात, त्यातच तिचे कौशल्य आहे. मला सर्वांत आवडणाऱ्या नमुन्यांपैकी हा एक. शेटलंडमध्ये दरवर्षी लोकर सप्ताह भरतो. त्यासाठी खास टोपीचा एक नमुना तयार करून तो सर्वांना मोफत दिला जातो, त्यावर रचनाकाराचे नाव असते आणि जगभरातल्या बायका-पुरुष तो विणतात. आपण पाठवलेल्या टोपीत एकेका ओळीत चार-चार रंग आहेत आणि आतली बाजू सगळ्या रंगांच्या बारीक ठिपक्यांनी भरलेली आहे. अशी पाठ जकार्ड यंत्रावर, म्हणजे रंगीत नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, येते. पानावर मात्र ‘आमच्या डिझायनरची खास रचना’ असे लिहिले आहे. त्या डिझायनरचे नाव कुठेही नाही.

नावाचा मुद्दा मला मोठा वाटतो. स्वतंत्रपणे नमुने लिहिणारे लोक एका टोपीमागे किती काम करतात ते मी जवळून पाहत आले आहे. कोणत्या जाडीची लोकर, किती नंबरच्या सुया, दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसायला हवेत, लहान, मध्यम आणि मोठ्या डोक्यासाठी टाके किती, हे सगळे लिहायचे. मग इतरांकडून ती टोपी विणून घेऊन चुका काढायच्या. २००७ साली सुरू झालेल्या रॅव्हलरी या विणकामाच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणी असे नमुने रचनाकाराच्या नावाने मिळतात, काही फुकट, काही थोड्या पैशांत. पेरू देशातल्या तितिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे. तिथले पुरुष चुल्यो नावाची कानांवर पट्ट्या असलेली टोपी स्वतः विणतात, आणि तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ साली मानवजातीच्या वारशात स्थान दिले. टोपीसारख्या लहान वस्तूलाही जगात कुठे कुठे एवढा मान आहे, आणि आपण मात्र ‘कारागीर भगिनी’ एवढ्यावर सगळ्यांना गुंडाळता.

आमच्या भागात हा फरक लपवणे आणखी खटकते. बेळगावच्या शहापूर आणि वडगाव भागांत पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणल्या गेल्या. हातमाग कोणता आणि यंत्रमाग कोणता, दोन्हींच्या मजुरीत किती अंतर आहे, हे त्या गल्ल्यांतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. हातमागाच्या कापडाला २००६ पासून सरकारची हँडलूम मार्क ही खूण मिळते, ती याच कारणासाठी. खानापूर आणि कणकुंबीकडच्या धो धो पावसात आमची माणसे घोंगडी पांघरून शेतात गेली आहेत, दख्खनी मेंढीची जाड लोकर हाताला कशी लागते ते त्यांना शिकवावे लागत नाही. अशा ठिकाणी ‘शुद्ध लोकर’ आणि ‘हातविणीची’ हे शब्द जपून वापरावेत.

खरा तोटा माझ्या पैशांचा नाही. बेळगावात घरबसल्या विणकाम करणाऱ्या कितीतरी बायका आहेत. माझ्या ओळखीत मराठी आहेत, कन्नड आहेत, आणि हातात सुया आल्या की दोन्ही भाषांत सुलट-उलट एकाच लयीत चालते. आमच्या शेजारच्या अक्का बाळंतविड्याचे अंगडे-टोपडे आणि मोजे इतके नेटके विणतात की बाळाच्या अंगावर शिवण कुठे लागत नाही. मोठ्या माणसाची साधी टोपी करायची तर सरावलेल्या हातालाही दोन-तीन संध्याकाळी लागतात, वर शंभर ग्रॅमपर्यंत लोकर लागते ती वेगळीच. अक्का आपली किंमत सांगतात तेव्हा समोरची बाई फोन उघडून आपलेच पान दाखवते. ही बघा, हातचीच आहे, घरपोच येते, गोंडाही आहे, दिवाळीत निम्म्या भावात लागते. अक्कांकडे यावर उत्तर नसते. ओव्हरलॉकची कड फोटोत दिसत नाही. खरोखर हाताने विणलेल्या टोपीशी भावात झुंजायला यंत्रावरची टोपी आपण हातची म्हणून उभी करता, आणि त्या झुंजीत हरते ती रात्री जेवणखाण आटोपल्यावर दिव्याखाली बसून विणणारी बाई. यंत्रावरचा माल विकू नका असे माझे म्हणणे नाही. लुधियानात यंत्रावर उत्तम गरम कपडे तयार होतात आणि लाखो माणसांची थंडी त्यांच्यावर निभते. तो माल यंत्राचा म्हणूनच विकावा.

चौथी वस्तू, म्हणजे क्रोशाचे टोपरे, मात्र खरोखर हातचे आहे. क्रोशाचा टाका यंत्रावर हुबेहूब येत नाही, त्यामुळे शंकेला जागा नाही. मऊ सुती धागा, मध्यापासून गोल वाढवत नेलेली वीण, कडेला शिंपल्याची नक्षी, आणि धाग्याचे टोक आत इतके सफाईने लपवलेले की मला ते शोधावे लागले. हे काम कसलेल्या हाताचे आहे. आपण ते २४९ रुपयांना विकले, म्हणजे धागा, पाकीट, टपाल आणि आपला वाटा वजा केल्यावर त्या बाईला काय मिळाले असेल याचा विचार करून मला वाईट वाटते. आणि तिचेही नाव कुठे नाही. जिथे हात नाही तिथे आपण हात दाखवता, आणि जिथे आहे तिथे तो कोणाचा ते सांगत नाही.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही कानटोप्या आणि फेअर आयलची टोपी आपल्या खर्चाने परत न्याव्यात आणि त्यांची पूर्ण किंमत माझ्या खात्यात जमा करावी. या तिन्ही टोप्यांच्या पानांवरून ‘हाताने विणलेली’ आणि ‘शुद्ध लोकर’ हे शब्द काढून धाग्याचे खरे प्रमाण आणि बनवण्याची खरी पद्धत लिहावी. टोप्या घरगुती विणयंत्रावर कोणी केल्या असतील तर तसेही लिहा, त्यात कमीपणा नाही. आठ पाकळ्यांच्या माथ्याच्या टोपीचा फोटो कोणाच्या टोपीचा आहे आणि तो वापरायची परवानगी आपल्याकडे आहे का, हेही कळवावे. ज्या ग्राहकांनी हीच टोपी घेतली आहे त्यांनाही खरी माहिती द्यावी.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तक्रार महिनाभरात सोडवणे आपल्यावर बंधनकारक आहे. जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर ती परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. त्यामुळे ‘हस्तनिर्मित वस्तू परत घेत नाही’ किंवा ‘या पिनकोडवर सोय नाही’ ही उत्तरे मला मान्य नाहीत. महिनाभरात निकाल लागला नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवीन आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे माझ्या राहत्या जिल्ह्यातच, बेळगावच्या ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, आपल्या पानांचे आणि टोप्यांच्या आतल्या बाजूचे फोटो सोबत जोडले आहेत. टोप्या मी जपून ठेवल्या आहेत, कोणालाही येऊन पाहता येतील.

टोपरे मी परत करणार नाही. ते विणणाऱ्या बाईंना माझा निरोप द्यावा की काम फार सुंदर झाले आहे. त्यांची हरकत नसेल तर त्यांचे नाव आणि त्या टोपऱ्याची त्यांना मिळालेली मजुरी मला कळवावी. भाचीच्या जावेलाही दिवस गेले आहेत, पुढचा बाळंतविडा मला त्यांच्याकडूनच, त्या सांगतील त्या किमतीला करून घ्यायचा आहे.

आपली,
एक ग्राहक
टिळकवाडी, बेळगाव