जहाज कोणाचे, झेंडा कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रात एखादे मालवाहू जहाज बुडाले, आदळले किंवा पेटले की मराठी वर्तमानपत्रांत बातमी येते ती 'लायबेरियाचे जहाज बुडाले' किंवा 'पनामाच्या जहाजातून तेलगळती' अशी. माझी तक्रार या षष्ठीच्या प्रत्ययाबद्दल आहे. तीस वर्षे जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढल्यावर मी खात्रीने सांगू शकतो, की त्या 'चे' आणि 'च्या'मागे जहाजाचा खरा मालक सुखाने लपून राहतो.

२५ मे २०२५ रोजी कोचीजवळ बुडालेल्या 'एमएससी एल्सा ३'चे पाहा. त्यावर झेंडा लायबेरियाचा होता. जहाज चालवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय जिनिव्हात, कप्तान रशियन, वीस खलाशी फिलिपिनो, दोन युक्रेनचे, एक जॉर्जियाचा. चोवीस जणांत लायबेरियाचा माणूस एकही नव्हता. सुमारे ६४० कंटेनर घेऊन निघालेले १९९७ सालच्या बांधणीचे हे जहाज तळाशी गेले आणि त्यातले प्लॅस्टिकचे दाणे तिरुवनंतपुरमच्या वाळूत मिसळले. ते वेचायला लायबेरियातून कोणी येणार नव्हते, आणि कोणी तशी अपेक्षाही केली नाही.

या व्यवहाराला जगभर 'फ्लॅग ऑफ कन्व्हिनियन्स', म्हणजे सोयीचा झेंडा, म्हणतात. मालक एका देशातला असतो, पण जहाजाची नोंदणी तो दुसऱ्याच देशात करतो, कारण तिथे नफ्यावर कर नसतो, खलाशी कोणत्याही देशाचे घेता येतात आणि कागदपत्रे झटपट होतात. पनामाने हे दार १९२०च्या दशकात उघडले; अमेरिकेत दारूबंदी असताना प्रवासी जहाजांवर दारू देता यावी म्हणून काही अमेरिकन मालक तिकडे गेले. लायबेरियाची नोंदणी १९४८ साली सुरू झाली. ती उभी केली अमेरिकेच्या एका माजी परराष्ट्रमंत्र्याने, आणि तिचा कारभार आजही अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतो. मंगोलियाला समुद्रच नाही, तरी त्याच्या झेंड्याखाली जहाजे फिरतात. लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे या तिघांकडे मिळून जगातल्या जहाजांच्या एकूण टनभारापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायद्याच्या करारात ९१वे कलम आहे. जहाज आणि त्याच्या झेंड्याचा देश यांच्यात 'खरा संबंध' असला पाहिजे, असे ते सांगते. तो संबंध कशाला म्हणायचे, ते मात्र सांगत नाही. ती व्याख्या करण्यासाठी १९८६ साली वेगळा करार झाला. पुरेशा देशांनी तो स्वीकारला नाही, म्हणून तो अजूनही अमलात आलेला नाही.

सोयीचा झेंडा म्हणजे मोडके जहाज, असा समज करून घेणेही चूक ठरेल. मी काम केलेल्या जहाजांपैकी सगळ्यात नीट राखलेले जहाज मार्शल बेटांच्या झेंड्याखाली होते आणि युरोपातल्या बंदरांतली तपासणी ते एकही शेरा न घेता पार पाडत असे. खरी अडचण काही बिघडल्यावर येते, कारण तेव्हा जबाबदार माणूस कोण हेच सापडत नाही.

हे मी शेजारच्या घरात पाहिले आहे. आमच्या सोसायटीतला एक मुलगा, एकुलता एक, कर्ज काढून शिकलेला, एका छोट्या बेटराष्ट्राच्या झेंड्याखालच्या जुन्या जहाजावर गेला. आखातात बंदराबाहेर नांगर टाकून जहाज उभे राहिले आणि पगार बंद झाला. पाचव्या महिन्यात तो घरी फोन करून सांगू लागला, की एसीचे पाणी बादलीत धरून कपडे धुतो आणि दोन वेळा भातच खातो. त्याचे वडील मॅनिंग एजंटकडे गेले, तर "आम्ही फक्त माणसे पुरवतो." व्यवस्थापन कंपनीला लिहिले, तर "मालकाशी बोला." मालक म्हणजे एका टपालपेटीचा पत्ता. झेंड्याच्या देशाला पाठवलेल्या ई-मेलला पोच आली, उत्तर आले नाही. शेवटी मी मुलाला मेसच्या भिंतीवर काय काय लावले आहे ते वाचून दाखवायला सांगितले. तिथे विमा प्रमाणपत्राची मळकी प्रत होती. खलाशांना वाऱ्यावर सोडल्यास चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि परतीचा खर्च विमा कंपनीने द्यावा, असा नियम सागरी कामगार करारात जानेवारी २०१७पासून आहे, आणि ते प्रमाणपत्र जहाजावर दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे. त्या कागदावरच्या पत्त्यामुळे मुलगा घरी आला. चार महिन्यांपलीकडचा पगार अजून मिळालेला नाही.

हा एकट्याचा प्रसंग नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदींनुसार २०२४ साली ३१२ जहाजांवरच्या तीन हजारांहून अधिक खलाशांना मालकांनी असे टाकून दिले, आणि त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. पुण्याजवळच्या इंदुरी आणि लोणी काळभोर इथल्या नौवहन शिक्षणसंस्थांतून आपली मुले दर वर्षी या व्यवसायात जातात. त्यांच्या आईवडिलांना पगाराचा आकडा पाठ असतो. झेंडा कोणता, हे विचारायचे असते हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. खोल समुद्रात मुलावर लागू होणारा कायदा मात्र त्या झेंड्याचा असतो. अपघाताची चौकशी करण्याची पहिली जबाबदारीही त्याच देशाची.

आपल्या किनाऱ्याचाही हाच अनुभव आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' आदळली. एक पनामाच्या झेंड्याचे, दुसरे सेंट किट्स आणि नेव्हिसच्या. तेल रायगडच्या खारफुटीत शिरले, कंटेनर तरंगत राहिले आणि बंदराचा मार्ग काही दिवस बंद ठेवावा लागला. पुढच्याच वर्षी खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेले पनामाच्या झेंड्याचे 'पवित' वाहत येऊन थेट जुहूच्या वाळूत रुतले. आता वाढवणला बंदर होते आहे आणि पालघरच्या समोरून जाणारी जहाजे वाढणार आहेत.

म्हणून माझी विनंती साधी आहे. अशी बातमी छापताना 'लायबेरियाचे जहाज' न लिहिता 'लायबेरियात नोंदलेले जहाज' लिहावे, आणि त्यापुढे मालक कंपनी, व्यवस्थापन कंपनी, विमा कंपनी आणि जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा ओळख क्रमांक, द्यावा. जहाज विकले की नाव आणि त्यावर लिहिलेले नोंदणीचे बंदर बदलते. मागच्या बाजूला नव्या रंगाखाली वेल्डिंगने उठवलेली जुन्या बंदराची अक्षरे मी कितीदा हाताने चाचपून वाचली आहेत. आयएमओ क्रमांक मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो, आणि त्यावरून आधीची नावे, झेंडे आणि मालक शोधता येतात. नौवहन महासंचालनालयानेही मुलगा साइन ऑन, म्हणजे जहाजावर रुजू, होण्यापूर्वी हीच माहिती आणि त्या विमा प्रमाणपत्राची प्रत, मराठी भाषांतरासह, त्याच्या घरच्यांच्या हाती देणे एजंटांवर बंधनकारक करावे. आमच्या शेजाऱ्यांना तो कागद पाच महिने आधी मिळायला हवा होता.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर,
सहकारनगर, पुणे