दुबार पेरणीला बंदी नाही

मा. संपादक,

‘करून करून भागला आणि देवपूजेला लागला’ ही म्हण मराठवाड्यात मुसलमानांच्या घरांतही सर्रास चालते. रमजानचा चाँद दिसला, की वर्षभर मशिदीकडे न फिरकलेला कुणीतरी पहिल्या सफीत (रांगेत) येऊन उभा राहतो आणि मागच्या सफीत ती कुजबुजली जाते. पैगंबरांपुढे दारूच्या गुनाहासाठी आणलेल्या एका माणसाला शिक्षा झाली, तेव्हा कुणीतरी त्याला ‘अल्लाह तुझी फजिती करो’ म्हणाले. पैगंबरांनी (स.) त्या बोलणाऱ्यालाच अडवले: याच्याविरुद्ध सैतानाला मदत करू नका. ही हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) बुखारीच्या संग्रहात आहे. लांब कशाला जायचे, दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलियांची संभाषणे टिपून ठेवणारे अमीर हसन सिज्जी आपल्या खुलताबादेत दफन आहेत. त्यांच्या नोंदी १३०८ साली सुरू होतात आणि अगदी आरंभीच्याच बैठकीत विषय निघतो तो हा, की तौबा (पश्चात्ताप) केलेला आणि मुळात पाप न केलेला दोघे बरोबरीचे.

तौबेविषयी जे छापून येते ते बहुधा दोन टोकांचे असते. एक तर ‘अल्लाह रहीम आहे, काळजी नको’, नाहीतर जहन्नमचे वर्णन. मधला हिशेबाचा भाग गळतो. फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मनियमांचे शास्त्र शिकवणाऱ्यांना लोक विचारतात ते मात्र नेमके त्या हिशेबाचेच, म्हणून हे पत्र.

मराठीत ‘तोबा’ म्हणजे कानाला खडा. अरबीत तौबा म्हणजे परत फिरणे, आणि कुरआन हेच क्रियापद अल्लाहसाठीही वापरतो. पैगंबरांच्या तबूकच्या मोहिमेला (हिजरी ९, इ.स. ६३०) सबळ कारणाशिवाय न गेलेले काअब बिन मालिक आणि आणखी दोघे, अशा तिघांवर ५० दिवस बहिष्कार होता. त्यांच्या सुटकेची आयत (९:११८) म्हणते की अल्लाह त्यांच्याकडे वळला, म्हणजे त्यांनीही वळावे. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी तो वळला.

सूरह जुमरची ५३वी आयत, ‘स्वतःवर अत्याचार केलेल्या माझ्या बंद्यांनो, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका’, सज्जनांना उद्देशून नाही. मर्यादा ओलांडलेल्यांनाच ‘माझे’ म्हटले आहे. सूरह यूसुफमध्ये याकूब (अ.) मुलांना बजावतात, की अल्लाहच्या कृपेची आशा सोडणे हे इन्कार करणाऱ्यांचे काम. म्हणून उलेमांनी (धर्मपंडितांनी) निराशेची गणना मोठ्या गुनाहांत केली. दारू सुटली, पण ‘माझे आता काही व्हायचे नाही’ हे सुटले नाही, तर एक गुनाह अजून चालूच आहे.

इमाम गजाली (मृत्यू इ.स. ११११) इराणातल्या तूसचे, पण त्यांनी केलेली आशेची फोड आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. चांगले रान, निवडक बी, वेळेवर पाणी, तण काढणे, आणि मग उरलेले अल्लाहवर सोडून सुगीची वाट पाहणे ही रजा, म्हणजे आशा. चोपण रानात बी फेकायचे, पाण्याची सोय करायची नाही आणि वर सुगीची वाट पाहायची, हा गुरूर, स्वतःची फसवणूक. रान चांगले, पण पाणी दिलेले नाही आणि पाऊसही सहसा पडत नाही, तिथे ढगांकडे बघत बसणे ही तमन्ना. (आपला कोरडवाहू शेतकरी या तिसऱ्या गटात येत नाही. मृगाला पेरणारा पावसाच्या रीतीवर पेरतो. हा खुलासा आमचा, गजालींचा नव्हे.) गुनाह चालू ठेवून ‘तो माफ करणारा आहे’ म्हणणारा चोपण रानात उभा आहे.

तौबेच्या अटी इमाम नववी (मृत्यू इ.स. १२७७) यांनी मोजून दिल्या आहेत. गुनाह बंदा आणि अल्लाह यांच्यापुरता असेल तर तीन: तो तिथेच थांबवणे, केल्याचा पस्तावा, पुन्हा न करण्याचा निश्चय. माणसाचा हक्क बुडवला असेल तर चौथी: तो परत करणे किंवा ज्याचा त्याच्याकडून माफ करून घेणे. वजू (नमाजेआधी हात-पाय-तोंड धुणे) करून २ रकात (नमाजेचे फेर) नमाज पढावी आणि माफी मागावी, अशी रीत हजरत अबू बक्र यांनी सांगितलेल्या हदीसेत आहे. अरबी दुआ पाठ नसेल तर नमाज संपल्यावर मराठीतून, दख्खनीतून मागावी. तिथे भाषेची अट नाही.

लोक अडतात ते तिसऱ्या अटीवर. निश्चय पक्का व्हावा म्हणून कसम खातात: ‘अल्लाहची कसम, पुन्हा मटका खेळणार नाही.’ चार महिन्यांनी पाय घसरतो. आता मटक्याचा गुनाह वेगळा आणि मोडलेल्या कसमेचा कफ्फारा (भरपाई) वेगळा, आणि माणूस दुहेरी खचतो. तौबेला कसम लागतच नाही, मनाचा निश्चय पुरतो. कसम मोडलीच असेल तर कुरआनने (५:८९) सांगितल्याप्रमाणे १० गरिबांना जेवण किंवा कपडे द्यायचे. गुलाम मुक्त करण्याचा पर्याय आता उरलेला नाही. हे ऐपतीबाहेर असेल तरच ३ रोजे. इकडे ऐपत असलेलेही सरळ तीन रोजे धरून मोकळे होतात, त्याने कफ्फारा फिटत नाही. हनफी या फिक्हच्या पंथाच्या रीतीने १० जणांना दोन वेळ पोटभर जेवू घालावे, किंवा प्रत्येकी सुमारे पावणेदोन किलो गहू, म्हणजे एकूण साडेसतरा किलो, अथवा त्याची किंमत द्यावी.

पुन्हा घसरला म्हणजे आधीची तौबा खोटी ठरली असे नाही. तौबा करतानाच ‘ईद झाली की बघू’ असे मनात असेल तर ती तौबा नव्हतीच. पण तेव्हा मन साफ होते आणि नंतर तोल गेला, तर मिळालेली माफी परत घेतली जात नाही. नव्या गुनाहाची नवी तौबा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील एका हदीसेत बंदा गुनाह करतो, माफी मागतो, पुन्हा करतो, पुन्हा मागतो, तिसऱ्यांदाही तेच. दर वेळी अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्याला ठाऊक आहे की गुनाह माफ करणारा आणि गुनाहाबद्दल पकडणारा त्याचा एक रब आहे. पावसाने उघडीप दिली, कोंब करपले, म्हणून जुलैत कुणी रान पडीक टाकत नाही. उसने बियाणे आणून दुबार पेरतात. मात्र कशाने करपले तेही बघतात. शंभर खून केलेल्या माणसाची हदीस सगळ्यांना माहीत असते, पण अर्धीच. आलिमाने (धर्मपंडिताने) त्याला तौबेचे दार उघडे असल्याचे सांगितले आणि त्याच दमात गाव सोडायलाही सांगितले: ती वस्ती वाईट आहे, अमक्या ठिकाणी जा, तिथे अल्लाहची इबादत करणारी माणसे आहेत. टपरी तीच, बसणारे तेच, घरी जायचा रस्ता तोच, तर निश्चय किती दिवस टिकेल?

सुटलेल्या नमाजांचा प्रश्न तरुणांकडून सर्वांत जास्त येतो. हनफी हिशेबाने एका दिवसाची कजा (सुटलेली नमाज नंतर भरून काढणे) म्हणजे पाच फर्ज (अनिवार्य नमाजा) आणि इशानंतरची वित्र: २, ४, ४, ३, ४ आणि ३, मिळून २० रकात. सुन्नत आणि नफिल या जादा नमाजांची कजा नाही. वयात आल्यापासून ५ वर्षे सुटली असतील तर चांद्रवर्षाच्या ३५४ दिवसांनी १,७७० दिवस होतात. आकडा ऐकूनच पुष्कळ जण उठून जातात. त्यांनी रोजच्या प्रत्येक फर्जबरोबर तीच एक कजा पढावी, पाच वर्षांत खाते संपते. नियत ‘माझ्याकडे असलेली पहिली फजर’ अशी करावी, तारीख आठवण्याची गरज नाही. स्त्रियांनी मासिक पाळीचे दिवस वजा करावेत. जुमतुल विदाला (रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी) चार रकात पढल्या की आयुष्यभराच्या कजा फिटतात, ही समजूत निराधार आहे आणि तिच्यामुळेच खरा हिशेब सुरू होत नाही. जाणूनबुजून सोडलेल्या नमाजेला कजा नाही, फक्त तौबा आणि पुढे भरपूर नफिल, असे मध्ययुगीन विद्वान इब्ने तैमियांचे मत आहे आणि आपल्याकडच्या अहले हदीस (फिक्हच्या एका पंथाला बांधून न घेणाऱ्या) मंडळींत ते मानणारे आहेत. कोणत्याही मताने चाला, पण हिशेबाला भिऊन आजची इशा सोडू नका.

आता चौथी अट, जिच्यावर जुम्म्याच्या बयानात सर्वांत कमी बोलले जाते. मुस्लिममधील हदीसेत पैगंबरांनी दिवाळखोर कोण हे सांगितले: जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला. त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटल्या जातील आणि नेक्या संपल्यावर त्यांचे गुनाह याच्यावर टाकले जातील. शहिदाला सगळे माफ, कर्ज सोडून, हीही हदीस त्याच संग्रहात आहे. तेव्हा ‘हज करून आलो, सगळे धुऊन निघाले’ म्हणणाऱ्याने आधी सातबारा बघावा.

बहिणीचा वाटा घ्या. बापामागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली आहेत, बापाचे आई-वडील हयात नाहीत, कर्ज आणि वसियत फेडून १२ एकर रान उरले आहे. पत्नीला आठवा हिस्सा, १ एकर २० गुंठे. उरलेल्या साडेदहा एकराचे सहा भाग: प्रत्येक मुलाला ३ एकर २० गुंठे, प्रत्येक मुलीला १ एकर ३० गुंठे. प्रत्यक्षात काय होते? हक्कसोडपत्रावर सही, वर एक साडी. माहेर तुटेल या धाकाने केलेल्या सहीला राजीखुशी म्हणता येत नाही. शिवाय वाटणीआधी नुसते ‘मी सोडला’ म्हटल्याने वारसाचा हिस्सा संपत नाही, असे हनफी फिक्हचे म्हणणे आहे. खरी तौबा अशी: फेरफार करून तिचा वाटा तिच्या नावावर आणि ताब्यात द्यायचा, इतक्या वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब तिच्यापुढे मांडायचा, आणि मग तिने आपण होऊन काही परत दिले तर ती तिची मर्जी.

बांध कोरण्याचेही तसेच. वीतभर जमीन जुलमाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचा तौक (गळ्यातले जड कडे) पडेल, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. दर नांगरटीला नांगराचे एक तास (सरी) पलीकडून घेणाऱ्याने मोजणी आणून हद्द पूर्ववत करावी. मोंढ्यात मापात पाप केले असेल तर ओळखीच्या शेतकऱ्यांना फरक परत द्यावा, कशाचा म्हणून सांगणे बंधनकारक नाही. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्या वतीने अंदाजाने, थोडी जास्तच रक्कम गरिबांना द्यावी. पुढे मूळ धनी आला आणि त्याला हा सदका (दान) मान्य नसेल, तर त्याचे पैसे पुन्हा द्यावे लागतात. व्याज घेतले असेल तर मुद्दल तुमचे (२:२७९), वरचे ज्याचे त्याला परत.

निंदेची, म्हणजे गीबतीची गोष्ट थोडी निराळी. ज्याची केली त्याच्या कानावर गेली असेल तर माफी मागावी. गेली नसेल तर मुद्दाम जाऊन सांगू नये, त्याने नवी जखम होते, असे अनेक उलेमांचे मत आहे. त्याच्यासाठी दुआ करावी आणि जिथे नाव ठेवले त्याच बैठकीत त्याचे चांगले बोलावे. स्वतःचे झाकलेले गुनाह तर कुणाला सांगूच नयेत, मौलवींनाही नाही. मौलवीला माफ करण्याचा अधिकार नाही. मसला विचारायचा तर ‘एखाद्याने असे केले तर’ अशा बेताने विचारावा.

काहींची तौबा संपतच नाही. दहादा वजू, पुन्हा पुन्हा तीच माफी, तरी ‘कबूल झाली नसेल’. याला वसवसा म्हणतात आणि त्याचा उपाय जास्त तौबा हा नाही, दुर्लक्ष हा आहे. तेवढ्याने भागत नसेल तर तो मनाचा आजार असू शकतो आणि आजाराला डॉक्टर लागतो. सरकारच्या टेली मानसचा क्रमांक १४४१६ आहे. कर्जाने, नापिकीने खचलेल्या घरांनाही तो माहीत असावा. आत्महत्या हराम आहे, यात वाद नाही. पण तसा मृत्यू आलेल्याला इस्लाममधून बाहेर काढणारे आणि जनाजा अडवणारे चुकतात. नामांकित आलिमाने इतरांना धाक म्हणून बाजूला राहावे असे मत आहे, पण लोकांनी नमाज पढायचीच. तुफैल बिन अम्र यांच्यासोबत हिजरत करून आलेल्या एकाने दुखणे असह्य होऊन स्वतःच्या हाताने जीव दिला. तुफैल यांना तो स्वप्नात बऱ्या स्थितीत दिसला, फक्त हात झाकलेले. पैगंबरांनी ऐकून दुआ केली: या अल्लाह, त्याच्या हातांनाही माफ कर. मुस्लिममधील ही हदीस अशा घरी पुरशाला जाताना आठवावी.

एक विनंती. रमजानात आपण सहेर-इफ्तारच्या वेळा छापता. त्याच चौकटीत सूर्योदयाची, सूर्य माथ्यावर येण्याची आणि सूर्यास्ताची वेळही द्यावी. या तीन वेळी कजा नमाज चालत नाही, आणि नव्याने सुरुवात केलेला माणूस नेमका फजरनंतर सूर्य उगवत असतानाच कजा पढायला उभा राहतो.

आपले,
फिक्हचे काही शिक्षक, मराठवाडा