तो भोंगा शब्बाथचा होता

जेरुसलेम,
शनिवार रात्र

तीर्थरूप आई-दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी अगदी खुशाल आहे. फोनवर भोंगा ऐकून आई रात्रभर जागी होती, असं मन्याने कळवलं. आई, तो हल्ल्याचा भोंगा नव्हता गं. हल्ल्याचा खालीवर होत ओरडतो, हा एकाच सुरात वाजतो. दर शुक्रवारी सूर्यास्ताच्या ४० मिनिटं आधी वाजवतात, ज्यू लोकांचा सुटीचा वार, शब्बाथ, लागतोय म्हणून. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मी सांभाळते त्या आजी दिवे लावायला थांबल्या होत्या, म्हणून मी घाईत फोन ठेवला.

शब्बाथ काय ते एकदा नीट सांगते, म्हणजे पुन्हा काळजी नको. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तीन चांदण्या दिसेपर्यंत सगळं काम बंद. नोकरीधंदा तर नाहीच, पण विस्तवही पेटवायचा नाही आणि विझवायचा नाही, म्हणून विजेच्या बटणालाही हात नाही. लिहायचं नाही, पैशाला शिवायचं नाही. शुक्रवारी दुपारी मी फ्रिजमधला बल्ब काढून ठेवते, नाहीतर दार उघडताच तो लागेल. टॉयलेट पेपरसुद्धा आधीच फाडून ठेवायचा. तांदूळ आणि कोंबडीचं पातेलं विजेच्या गरम पत्र्यावर रात्रभर राहतं. त्याला तबीत म्हणतात. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं की घरभर वास सुटतो आणि तळाचा भात छान खरपूस झालेला असतो. कोंबडी मी खाते, पण बाकी कुठलं मांस खात नाही. तेवढं आजींना ठाऊक आहे.

पहिल्या शनिवारी मी भांडी घासायला उभी राहिले, तर आजींनी मनगट धरून मला खुर्चीत बसवलं. मोशे या त्यांच्या संदेष्ट्याला सीनाय डोंगरावर मिळालेल्या दहा आज्ञांतली चौथी त्यांनी म्हणून दाखवली. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आतला परका, सगळ्यांनी थांबायचं. का, तर तुम्ही स्वतः मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतात आणि गुलामाला सुटीचा वार नसतो. परकी म्हणजे मीच की. पण त्या शब्दाचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. आपल्याकडच्या बेने इस्रायली ज्यूंना 'शनवार तेली' का म्हणायचे, शनिवारी त्यांचा घाणा का बंद असायचा, त्याचं मूळ हे.

दादा, तुम्ही विचारलंत, 'त्यांचा धर्म घेणार नाहीस ना?' हे लोक कुणालाही आपल्यात बोलवत नाहीत. उलट कोणी आपणहून आला तर रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, आधी त्याला परत पाठवतात, अशी जुनी रीत आहे. माझा गणपती माझ्या खोलीत आहे, आणि आजींनी कधी नाक मुरडलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीने मला इस्रायल म्युझियम दाखवलं. मूर्ती नको, देव एकच, हे इथेही पहिल्यापासून सगळ्यांनी मानलं नव्हतं. जेरुसलेमच्या घराघरांत सापडलेल्या मातीच्या छोट्या बायका तिथे ठेवल्यात, दोन्ही हात छातीखाली धरलेल्या. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या राजाने इथलं देऊळ जाळलं आणि माणसं धरून नेली. देऊळ गेलं, राजा गेला, राहिला तो वार आणि तोंडपाठ शब्द, कारण तेवढंच बरोबर नेता येतं. आजींचं घराणं त्याच मुलखातलं, बगदादचं. त्या १९५१ मध्ये अकरा वर्षांच्या असताना इथे आल्या. शब्बाथ त्यांनी आईकडून घेतला.

तिथेच एका काचेमागे चांदीचे दोन पत्रे पाहिले. मोठा बोटाएवढा, धाकटा जेमतेम पेराएवढा. १९७९ मध्ये इथल्याच केतेफ हिन्नोम या जागी एका थडग्यात सापडले तेव्हा त्यांच्या सुरळ्या होत्या, अगदी ताइतातल्यासारख्या. उलगडायला तीन वर्षं लागली. सुमारे २,६०० वर्षांपूर्वी कुणीतरी त्यावर कोरलंय, 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो.' आजी दर शुक्रवारी लेकीच्या आणि नातवंडांच्या डोक्यावर हात ठेवून हेच म्हणतात. या शुक्रवारी कुणी आलं नव्हतं, तर त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांचा हात थरथरतो. आई, विमानतळावर तू दंडाला बांधलेला ताईत अजून तसाच आहे. आशीर्वाद घेतला आणि मी पटकन स्वयंपाकघरात निघून गेले.

बाकी, पैसे सोमवारी टाकते. त्यातला पतपेढीचा हप्ता आधी भरा. दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लग्नासाठी पुढे ढकलू नका, मंडप लहान घातला तरी चालेल. मला वैशाखात येता येत नाही. बदली बाई मिळत नाही हे खरं, आणि तिकिटाच्या पैशांत नवरीचं मंगळसूत्र होतं हेही खरं. करवलीचा कऱ्हा काकांच्या पिंकीला द्या. माझ्यासाठीच्या साडीचे पैसे घालू नका. पेणच्या स्थळाला नाही म्हणू नकोस आई, पण माझ्यासाठी थांबवूनही ठेवू नकोस.

मुहूर्त शनिवारचा निघालाय, असं मन्या म्हणाला. शब्बाथला मी आजींसमोर फोन हातात घेत नाही. भीतभीतच त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, 'खाली बागेत जाऊन बस. भावाचं लग्न आहे.' तेव्हा मुंडावळ्या बांधताना फोन नक्की लावा. मी बाकावर बसलेली असेन.

तुमची,
सुमन