पेन्सिल पुढे करणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. अमेरिकेत जर्सी सिटीत केनेडी बुलेवार्डवर सेंट पीटर्स या कॉलेजचे बास्केटबॉल सामने बघायला येणारी जुनी मंडळी तुम्हाला बरोबर ओळखतील. पत्र मराठीत आहे, कारण ते आधी माझ्या बाबांनी वाचावं आणि नागपुरातल्या त्यांच्या जुन्या खेळाडूंनीही. तुम्हाला मी स्वतः भेटून इंग्रजीत सांगेन, शब्द न् शब्द.

मोसम संपला. २७ मार्च २०२२ ला फिलाडेल्फियात नॉर्थ कॅरोलायनाने आपल्याला ६९-४९ असं हरवलं आणि त्याच आठवड्यात कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले, ज्या कॉलेजकडून ते स्वतः खेळले होते तिथे. गावात अजून सगळे बलाढ्य केंटकीला हरवलं त्या सामन्याबद्दलच बोलताहेत आणि बोलायलाच हवं. पण या मोसमाने माझ्या घरात काय केलं हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. तुम्हालाही कदाचित अर्धंच.

माझे बाबा नागपुरात क्रीडाशिक्षक होते. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर पोरं घडवायची आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या की टेबल ऑफिशियल म्हणून स्कोअरशीट घेऊन बसायचं, हे त्यांचं आयुष्य. गेल्या वर्षी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आई गेली. नोव्हेंबरात अमेरिकेची दारं उघडली तेव्हा मी त्यांना हट्टाने इकडे आणलं. आले, पण बोलेनात. खिडकीशी बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे, पानातलं संपवून परत खिडकीशी.

मदत मी मागितली नाही असं नाही. ज्येष्ठांसाठीच्या एका केंद्रात घेऊन गेले, तर तिथल्या बाईंनी बाबांकडे न बघताच मला सांगितलं की यांना इंग्रजी नीट येत नसेल तर इथे कंटाळतील. एका व्यायामशाळेत मुलं बास्केटबॉल खेळत होती, बाबा कडेला उभे राहून बघत होते. माणूस आला आणि म्हणाला, खेळत नसाल तर बाहेर थांबा. बाहेर थंडी हाडं गोठवणारी होती. आणि आपली माणसं! "काहीही लागलं तर सांग गं" म्हणणारी किती घरं आहेत इथे. सांगितल्यावर एकाही घरातून कोणी बाबांशी गप्पा मारायला आलं नाही. सल्ले मात्र आले: त्यांना पार्कात फिरवून आण, त्यांना यूट्यूब लावून दे. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो मी लपवणार नाही.

म्हणून फेब्रुवारीत मी सेंट पीटर्सची दोन तिकिटं काढली. घरापासून चालत जाता येतं, एवढंच कारण. संघाबद्दल मला काडीची माहिती नव्हती.

तुम्ही शेजारच्या खुर्चीवर होता. मांडीवर पॅड, पॅडवर स्कोअरशीट, कानामागे पेन्सिल. खेळ सुरू झाला आणि बाबा कोर्टाऐवजी तुमच्या कागदाकडे बघायला लागले. तुमच्या ते लक्षात आलं. आता तुम्ही विचाराल, कुठले, कधी आलात, किती दिवस, असं मला वाटलं. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. खालचा एक कोरा कागद ओढून बाबांच्या गुडघ्यावर ठेवलात, कानामागची पेन्सिल त्यांच्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "पाहुण्यांचा संघ तुम्ही लिहा."

तुमच्यासाठी तुम्ही खिशातून दुसरी पेन्सिल काढलीत आणि परत कोर्टाकडे बघायला लागलात.

काका, आई गेल्यापासून माझ्या बाबांना कोणी काम दिलं नव्हतं. सगळ्यांनी धीर दिला, कीव केली, मीसुद्धा गोळ्या आणि स्वेटर दिले. काम तुम्ही दिलंत. तेही खोटं, मन रमवायला दिलेलं नाही. अर्धा सामना त्यांच्या हवाली केलात. मध्ये एकदा तुमचं लक्ष चुकलं आणि तुम्ही बाबांच्या कागदात डोकावून विचारलंत, "फाउल कोणाचा?" बाबांनी बोटांनी नंबर दाखवला, अगदी पंच टेबलाला दाखवतो तसा. तुम्ही लगेच लिहून घेतलात.

फ्री थ्रो तुम्ही गोल काढून दाखवता, पडला की गोल भरता. बाबा भरीव ठिपका देतात. ते जुळलं. बाकी बरंच जुळेना. आपल्याकडे १० मिनिटांचे चार क्वार्टर, इथे कॉलेजमध्ये २० मिनिटांचे दोन हाफ. आपला शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू बास्केटकडे टाकायला मिळणारा वेळ, २४ सेकंदांचा, इथला ३०. सातव्या सांघिक फाउलपासून पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा मिळतो आणि दहाव्यापासून सरळ दोन, हे तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात आकडे आणि बाण काढून समजावलंत. बाबांनी मान हलवली, पटलं नाही असं तोंड केलं आणि तुम्ही दोघंही हसलात. त्या हसण्याचा आवाज मी विसरणार नाही.

जर्नल स्क्वेअरपर्यंत परत चालत येताना बाबा सबंध रस्ताभर बोलत होते. कोच बाकावरची मुलं किती बेधडक आत सोडतो, बचाव किती कडक आहे, आपल्या संघातला तो एन्डेफो उडी कधी घेतो आणि कधी घेत नाही. घरी येऊन त्यांनी भात परत मागून घेतला.

पुढचं तर सगळ्या जगाने बघितलं. १२ मार्चला अटलांटिक सिटीत मॉनमथला ६०-५४ हरवून आपण कॉलेजांच्या मुख्य राष्ट्रीय स्पर्धेत (एनसीएए) गेलो. एका गटात १६ संघ, त्यात मानांकनात आपला क्रमांक १५ वा. या कॉलेजने १९९१, १९९५ आणि २०११ मध्ये ही स्पर्धा खेळली होती आणि एकही सामना जिंकला नव्हता. समोर आठ वेळचं विजेतं केंटकी. ओव्हरटाइममध्ये ८५-७९! डॅरिल बँक्सचे २७ गुण आणि बाकावरून आलेल्या डग एडर्टचे २०. मग मरे स्टेट, मग सात फूट चार इंचांचा सेंटर असलेलं पर्ड्यू, ६७-६४. शेवटच्या आठ संघांत पोचणारा १५ व्या क्रमांकाचा पहिला संघ हा आपला, गल्लीतला. प्रत्येक सामन्याला तुम्ही तुमच्या घरी, बाबा आमच्या घरी, दोघांचे कागद चालू आणि सामना संपला की फोनवर फोटोंची देवाणघेवाण. पर्ड्यू हरलं त्या रात्री बाबांनी नागपूरला फोन लावून त्यांच्या जुन्या खेळाडूंना उठवलं. म्हणाले, "बाकावरच्या पोराला विश्वास दिला की तो काय करतो बघा!"

चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठ्या देणग्या आठवतात. मला आता तुम्ही आठवता. समोरच्या माणसाला काय येतं हे नजरेनं ओळखायचं आणि ते करायला त्याला जागा करून द्यायची, याहून मोठा सभ्यपणा मला सांगता येत नाही. त्या केंद्रातल्या बाईंना बाबांना काय येत नाही तेवढंच दिसलं. तुम्हाला एका नजरेत दिसलं की हा माणूस स्कोअर लिहिणारा आहे.

बाबा मे महिन्यात परत जाताहेत. जाताना तुमच्याकडचे दहा कोरे कागद मागितलेत, नागपूरच्या मुलांना दाखवायला. आपल्या पद्धतीची स्कोअरशीट ते तुमच्यासाठी पाठवणार आहेत.

आणि त्यांचा एक निरोप आहे, तो जसाच्या तसा देते. मरे स्टेटच्या सामन्यात एन्डेफोचे ब्लॉक, म्हणजे त्याने हवेत अडवलेले शॉट, तुमच्या कागदावर पाच आहेत. बाबांच्या कागदावर सहा आहेत आणि अधिकृत आकडाही सहाच आहे. तेवढं दुरुस्त करून घ्यावं.

तुमची ऋणी,
शेजारच्या खुर्चीवरच्या सरांची मुलगी